‘होसाकिस’ : एका आवृत्तिदर्शक ग्रीक क्रियाविशेषणाचा अर्थ आणि इतिहास

नव्या कराराच्या ग्रीक पाठात ‘होसाकिस’ हे क्रियाविशेषण अवघे तीन वेळा आढळते. त्यांपैकी दोन प्रयोग करिंथकरांस लिहिलेल्या पौलाच्या पहिल्या पत्रात, लागोपाठच्या दोन वचनांत (११ : २५ व २६) आहेत; तिसरा प्रकटीकरणाच्या पुस्तकात (११ : ६) आहे. इतका विरळ शब्द एरवी कोशकारांपलीकडे फारसा कोणाच्या लक्षात राहिला नसता. परंतु पौलाने तो प्रभुभोजनाच्या संदर्भात योजिला, आणि त्यामुळे ख्रिस्ती मनुष्याने वर्षातून किती वेळा प्रभूच्या मेजाशी यावे, या प्रश्नाची चर्चा करणाऱ्यांना या शब्दाशी पुनःपुन्हा गाठ घालावी लागली. कोणी त्यातून ‘वारंवार या’ अशी आज्ञा काढली, कोणी ‘वाटेल तेव्हा या’ अशी मोकळीक काढली, तर कोणी वर्षातून एकदा येण्यासही त्याचाच आधार घेतला. एकाच शब्दातून परस्परविरुद्ध निष्कर्ष निघतात तेव्हा दोष बहुधा शब्दाचा नसतो. त्याला विचारलेल्या प्रश्नाचा असतो. येथेही तसेच झाले आहे. ‘होसाकिस’ हा शब्द किती वेळा हे सांगतच नाही. घडेल त्या प्रत्येक वेळी, एकही वेळ न वगळता, अमुक गोष्ट लागू आहे, एवढेच तो सांगतो.

प्रथम शब्दाची घडण पाहावी. ‘होसोस’ म्हणजे ‘जेवढा, जितका’ हे संबंधी विशेषण; त्याला ‘-आकिस’ हा आवृत्तिवाचक प्रत्यय लागून ‘होसाकिस’ हे रूप सिद्ध होते. याच प्रत्ययाने ‘पोल्लाकिस’ (पुष्कळदा), ‘पेंताकिस’ (पाच वेळा), ‘हेप्ताकिस’ (सात वेळा) आणि प्रश्नार्थक ‘पोसाकिस’ (किती वेळा) हे शब्द बनले आहेत. ग्रीकमध्ये एकदा, दोनदा व तीनदा यांसाठी मात्र ‘हापाक्स’, ‘दिस’ व ‘त्रिस’ ही निराळी रूपे असून प्रत्ययान्त रूपांची परंपरा चारपासून सुरू होते. संस्कृतज्ञांना ही मांडणी ओळखीची वाटेल. पाणिनीने क्रियेच्या आवृत्तीची गणना करण्यासाठी संख्यावाचकांना ‘कृत्वसुच्’ प्रत्यय सांगितला आहे (५.४.१७), परंतु द्वि, त्रि व चतुर् यांना ‘सुच्’ लागून द्विः, त्रिः, चतुः अशी रूपे होतात आणि एकाच्या जागी सकृत् येते. ‘हापाक्स’ आणि ‘सकृत्’ या दोहोंचा आद्यावयव एकाच मूळ भारोपीय शब्दापासून आला आहे. ‘दिस’ व ‘द्विः’ यांचे नाते तर उघडच दिसते.

या तुलनेचा उपयोग केवळ व्युत्पत्तीपुरता नाही. पाणिनीने संख्यासंज्ञा देताना (१.१.२३) एक-दोन-तीन यांच्याबरोबर बहु, गण आणि तावत्, कति यांसारखे शब्दही संख्या म्हणून मानावेत असे सांगितले, आणि म्हणूनच ‘तावत्कृत्वः’, ‘कतिकृत्वः’ ही रूपे साधता येतात. म्हणजे ज्यांत कोणताही आकडा नाही अशा शब्दांना व्याकरणाच्या सोयीसाठी संख्येचा दर्जा मिळाला. व्याकरणात हे निर्वेध चालते. कायद्यात ते चालत नाही. कायद्याला आकडा लागतो. ‘होसाकिस’च्या पुढील इतिहासातील बराचसा गोंधळ, संख्येचे रूप धारण करणाऱ्या पण संख्या नसलेल्या या शब्दाकडून आकडा वसूल करण्याच्या खटपटीतून निर्माण झाला आहे.

शब्दाचा जुना वापर होमरमध्ये सापडतो. त्याच्या भाषेत ‘होस्साकि’ असे रूप असून त्याच्या जोडीला ‘तोस्साकि’ हे दर्शक रूप येते; आपल्या ‘जितक्यांदा–तितक्यांदा’ या जोडीसारखीच ही जोडी आहे. इलियडच्या बाविसाव्या सर्गात हेक्टर जितक्यांदा नगराच्या दरवाजाकडे धाव घेतो तितक्यांदा अकिलीस त्याला अडवून मैदानाकडे वळवितो. ओडिसीच्या अकराव्या सर्गातील टँटॅलसचे चित्र त्याहून प्रसिद्ध आहे : तहानेने व्याकूळ झालेला म्हातारा पाणी पिण्यासाठी जितक्यांदा वाकतो तितक्यांदा पाणी आटून नाहीसे होते. या स्थळी शब्दाचे खरे सामर्थ्य दिसते. म्हातारा किती वेळा वाकला, दिवसातून वाकला की घटकेघटकेला वाकला, याविषयी कवी काहीच सांगत नाही. त्याला सांगावयाचे आहे ते एवढेच की एकदाही चूक झाली नाही. एकही वाकणे असे नव्हते की ज्या वेळी पाणी जागेवर राहिले. शिक्षेचे क्रौर्य वाकण्याच्या संख्येत नाही, अपवादाच्या अभावात आहे.

प्रकटीकरणातील प्रयोगही याच जातीचा आहे. तेथे दोन साक्षीदारांना पृथ्वीवर नाना प्रकारच्या पीडा आणण्याचा अधिकार दिला आहे, आणि तो ‘होसाकिस’ त्यांची इच्छा होईल तितक्यांदा वापरता येईल असे म्हटले आहे. त्यांनी तो किती वेळा वापरावा याची आज्ञा नाही. त्यांची इच्छा आणि पीडा यांच्यामध्ये कोणताही अडसर राहणार नाही, इतकेच. येथे क्रियापद अनिश्चित भूतकाळाच्या धातुरूपावरून साधलेल्या संकेतार्थात आहे, तर पौलाच्या दोन्ही वचनांत वर्तमानकाळाच्या धातुरूपावरून साधलेला संकेतार्थ आहे. काहींनी या वर्तमान रूपात ‘सतत पीत राहणे’ असा अर्थ शोधला. परंतु दोन्ही ठिकाणी आवृत्तीचा बोध होतो तो क्रियाविशेषण आणि त्याला जोडलेले ‘एआन’ हे अव्यय यांमुळे. धातुरूपावर तो भार टाकण्याचे कारण नाही. (उत्तरकालीन बायझंटाइन हस्तलिखितांत ‘एआन’च्या जागी ‘आन’ आहे. अर्थात फरक पडत नाही. संबंधी शब्दानंतर ‘आन’ऐवजी ‘एआन’ लिहिण्याचा प्रघात त्या काळच्या पपायरसांवरील साध्या पत्रव्यवहारातही विपुल आढळतो.)

आता मूळ स्थळाकडे वळावे. हे पत्र इ. स. ५३ ते ५५ च्या सुमारास इफिसहून लिहिले गेले. करिंथ येथील मंडळी एकत्र जेवण्यासाठी जमे. पण त्या जेवणात सुखवस्तू लोक आपापले अन्न आधीच खाऊन-पिऊन घेत, काही जण तर मद्याने धुंद होत, आणि ज्यांच्याजवळ काही नसे ते उपाशी राहून अपमानित होत. पौलाची तक्रार ही आहे. करिंथकर प्रभुभोजनाला वरचेवर येत नाहीत, किंवा फार वेळा येतात, असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. या तक्रारीच्या मध्यभागी तो येशूच्या अखेरच्या रात्रीचा, आपणास मिळालेला वृत्तान्त उद्धृत करतो. त्यात भाकरीसंबंधी आणि प्याल्यासंबंधी, दोन्ही ठिकाणी, हे येशूच्या स्मरणार्थ करावे असे सांगितले आहे. परंतु ‘होसाकिस’ फक्त प्याल्याच्या वाक्यात येतो. मत्तय व मार्क यांच्या वृत्तान्तांत स्मरणाची आज्ञाच नाही. लूकमध्ये ती भाकरीच्या संदर्भात आहे, पण ‘होसाकिस’ नाही. म्हणजे हा शब्द पौलाच्या परंपरेचे वैशिष्ट्य होय.

प्याल्यालाच तो का जोडला, याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की भाकरी गरिबाच्याही प्रत्येक जेवणात असे, द्राक्षारस मात्र नसे. म्हणून ‘जेव्हा तो असेल तेव्हा’ अशी मर्यादा घालावी लागली. मूळ ग्रीकमध्ये ‘पिता’ या क्रियापदाला कर्म दिलेले नाही, हेही या मताला पोषक आहे. हे स्पष्टीकरण समंजस आहे, तथापि ते अपुरे पडते. कारण लगेच पुढच्या वचनात पौल स्वतःच्या शब्दांत तोच ‘होसाकिस’ भाकरी व प्याला या दोहोंना लावतो, आणि त्याची सुरुवात ‘कारण’ या अर्थाच्या ‘गार’ने करतो. हा ‘गार’ महत्त्वाचा आहे. त्याच्या युक्तिवादाचा आशय असा की हे खाणे-पिणे जितक्यांदा होते तितक्यांदा प्रभूच्या मरणाची घोषणा होते, आणि ती तो येईपर्यंत चालावयाची आहे. ‘कातांगेल्लेते’ हे रूप स्वार्थी व आज्ञार्थी दोन्ही असू शकते. पण ‘गार’ कारण देतो, हुकूम देत नाही, म्हणून स्वार्थच येथे अधिक जुळतो. ‘घोषणा करा’ असे पौल सांगत नाही. ‘घोषणा होतेच’ असे तो बजावतो.

या ‘होतेच’मध्ये वाक्याचा डंख आहे. उपाशी भावासमोर पोटभर जेवणाऱ्या करिंथकराला असे म्हणण्याची सोय राहत नाही की कालचे जेवण विधिपूर्वक होते आणि आजचे नुसते मित्रमंडळींचे जेवण होते. तो विशिष्ट भाकरी आणि तो प्याला घेतो त्या प्रत्येक वेळी मरणाची घोषणा होत आहे, आणि ती तो अशा रीतीने करीत आहे. ‘होसाकिस’ने येथे पळवाट बंद केली आहे. पुढच्याच वचनातील अयोग्य रीतीने खाण्याचा इशारा यावरूनच निघतो.

शिवाय पौलाला मोजदाद करावयाची असती तर ती त्याला उत्तम साधत होती. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (११ : २४ ते २७) आपल्यावर आलेल्या संकटांची यादी देताना त्याने पाच वेळा फटके, तीनदा छड्यांचा मार, एकदा धोंडमार, तीनदा गलबत फुटणे असा चोख हिशेब दिला आहे, आणि जेथे हिशेब राहिला नाही तेथे ‘पोल्लाकिस’ हा ‘पुष्कळदा’ या अर्थाचा शब्द वापरला आहे. ‘पोल्लाकिस’ त्याच्या हाताशी होता. प्रभुभोजनाच्या वचनात त्याने तो वापरला नाही. युक्तिवादात मौनाला फार वजन देऊ नये हे खरे. पण दोन शब्द हाताशी असताना लेखकाने एक निवडला, तर त्या निवडीला अर्थ असतो.

भाषांतरांत हा भेद कसा पुसट झाला ते पाहण्यासारखे आहे. लॅटिनमध्ये ‘क्वोतिएस्कुंक्वे’ हा शब्द आला. तो ‘होसाकिस एआन’चा अगदी तंतोतंत प्रतिशब्द होय. परंतु जर्मन व इंग्रजी या भाषांत ‘जितक्यांदा’ या अर्थी जी रचना रूढ आहे तिच्या पोटातच ‘वारंवार’ या अर्थाचा शब्द बसलेला आहे. १५२२ च्या लूथरच्या भाषांतरात ‘ऑफ्ट’ आहे, आणि १५२६ च्या टिंडलच्या भाषांतरातही त्याचाच भाऊबंद आहे. तो त्या रचनेत निव्वळ व्याकरणाचे काम करतो, पण कानाला ‘वारंवार’ असाच ऐकू येतो. ग्रीकमध्ये आणि लॅटिनमध्ये असा ध्वनी नाही. मराठी या बाबतीत सुदैवी म्हणावी लागेल. ‘जितक्यांदा’मध्ये ‘पुष्कळदा’चा लवलेश नाही. मात्र मराठीला ‘तितक्यांदा’ जोडल्यावाचून चैन पडत नाही, आणि पौलाच्या वाक्यात होमरच्या ‘तोस्साकि’सारखे दर्शक रूप नाही. ही भर निरुपद्रवी आहे. उलट तिच्यामुळे दोन क्रियांची जोडबांधणी अधिक स्पष्ट होते. ‘जेव्हा जेव्हा’ असे भाषांतर केले तर आवृत्तीऐवजी काळावर भर येतो. अर्थात आपला ‘-दा’ प्रत्ययही मुळात काळवाचकच : संस्कृत ‘एकदा’ म्हणजे ‘एके काळी’. ‘दोनदा’, ‘तीनदा’ ही मोजणी मराठीने त्याच्यावर मागाहून लादली.

आरंभीच्या शतकांत वारंवारतेचा प्रश्न प्रथेने सुटत असे, व्याकरणाने नव्हे. प्रेषितांच्या कृत्यांत जेरुसलेम येथे रोज भाकर मोडल्याचा उल्लेख आहे (२ : ४६), तर त्रोवस येथे आठवड्याच्या पहिल्या दिवशी मंडळी त्यासाठी जमल्याचा (२० : ७). इ. स. १५५ च्या सुमारास जस्टिनने आपल्या पहिल्या समर्थनग्रंथात रविवारच्या सभेचे वर्णन केले आहे. तिसऱ्या शतकात कार्थेजचा सिप्रियन रोजच्या भाकरीच्या प्रार्थनेचा अर्थ रोजच्या प्रभुभोजनाशी जोडतो. चौथ्या शतकात कैसरियाचा बाझिल एका पत्रात सांगतो की त्याच्याकडे रविवार, बुधवार, शुक्रवार व शनिवार असे आठवड्यातून चार दिवस, आणि शिवाय हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, प्रभुभोजन घेतले जाते.

याच काळात दुसऱ्या टोकाचीही तक्रार ऐकू येऊ लागते. योहान क्रिसोस्टोम इब्री लोकांस पत्रावरील सतराव्या प्रवचनात म्हणतो की कोणी वर्षातून एकदा येतो, कोणी दोनदा, कोणी पुष्कळदा; यांतील कोणाला चांगले म्हणावे? आणि त्याचे उत्तर असे की एकदा येणाऱ्यालाही नाही, पुष्कळदा येणाऱ्यालाही नाही. शुद्ध अंतःकरणाने येणाऱ्याला. आकड्यांचा प्रश्नच त्याने बाजूला सारला आहे, आणि पौलाच्या वाक्याच्या रोखाशी हे उत्तर जितके जुळते तितके पुढील हजार वर्षांतले दुसरे क्वचितच जुळत असेल. ऑगस्टीनने इ. स. ४०० च्या सुमारास जान्युआरियस याला लिहिलेल्या पत्रात रोज घेणारा आणि आदरापोटी काही दिवस न घेणारा या दोघांनाही सांभाळून घेतले आहे. त्याने दिलेला दाखला सुंदर आहे : जक्कयाने प्रभूला आनंदाने घरात घेतले; शताधिपती म्हणाला की प्रभूने आपल्या छपराखाली यावे अशी आपली योग्यता नाही. दोघांनीही मानच दिला.

लोक येईनासे झाले तेव्हा मात्र सौजन्य संपून नियम सुरू झाले. ५०६ साली दक्षिण गॉलमधील आग्द येथील धर्मपरिषदेने ठरविले की नाताळ, पुनरुत्थानाचा सण आणि पेंटेकॉस्ट या तीन दिवशी जो प्रभुभोजन घेणार नाही त्याला कॅथोलिक समजू नये. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने तीनाचे एक केले : समजू लागण्याच्या वयाला पोचलेल्या प्रत्येकाने वर्षातून निदान पुनरुत्थानाच्या सणाला ते घ्यावे. ‘निदान’ हा शब्द लोकांनी सोयीने विसरावा आणि एकदाचीच रूढी व्हावी, हे मनुष्यस्वभावाला धरूनच झाले.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने हा प्रश्न पुन्हा उघडला, आणि या वेळी शब्दाला साक्षीला बोलाविले. लूथरचे १५२९ चे मोठे प्रश्नोत्तर या दृष्टीने अत्यंत उद्‌बोधक आहे. पोपच्या सक्तीतून सुटलेले लोक प्रभुभोजनाकडे फिरकेनासे झाले होते, आणि वचनाने ते प्रत्येकाच्या मर्जीवर सोपविले आहे असा बचाव करीत होते. लूथरने हा बचाव खोडला. वचन मोकळीक देते, पण कधीच न घेण्याची मोकळीक देत नाही. आणि ‘जितक्यांदा’ असे म्हटले आहे त्याअर्थी वारंवार करावे असेच त्यात अनुस्यूत आहे, असे तो म्हणतो. त्याला जोडून त्याने आणखी एक कारण दिले आहे : यहुद्यांचे वल्हांडण वर्षातून एकदाच, ठरलेल्या चौदाव्या तिथीच्या संध्याकाळीच करावे लागे, ख्रिस्ताला आपले भोजन अशा तिथीला बांधावयाचे नव्हते, म्हणून हा शब्द आला.

या दोन कारणांचे मोल सारखे नाही. दुसरे भाषाशास्त्रदृष्ट्या निर्दोष आहे. ‘होसाकिस’ ठराविक तिथी नाकारत नाही, पण ती लादतही नाही. वल्हांडणाच्या जेवणातूनच निघालेल्या विधीच्या बाबतीत हे अर्थपूर्ण आहे. पहिले कारण मात्र शब्दावर टिकत नाही. ‘जितक्यांदा’तून ‘वारंवार’ काढणे जर्मन वाक्यात सहज वाटते, कारण ‘ऑफ्ट’ तेथे बसलेलाच आहे. ग्रीक वाक्यातून तो काढता येत नाही. लूथरला ग्रीक येत नव्हते असे नाही. पण तो येथे सामान्य जनांसाठी, त्यांच्या भाषेत, त्यांच्या आळसाविरुद्ध लिहीत होता. त्याची इच्छा योग्य होती. तिला या शब्दाचा आधार नव्हता.

झुरिकमध्ये झ्विंग्लीने दुसऱ्याच एका आवृत्तिदर्शक शब्दावर सारी भिस्त ठेवली. इब्री लोकांस पत्रात ‘पोल्लाकिस’ आणि ‘हापाक्स’ यांचा विरोध मांडला आहे : महायाजकाला वारंवार अर्पण करावे लागते, ख्रिस्ताने स्वतःला एकदाच अर्पिले. झ्विंग्लीच्या १५२३ च्या सदुसष्ट प्रमेयांपैकी अठरावे यावरच उभे आहे. जे एकदाच झाले त्याचे यज्ञ म्हणून पुनरावर्तन नाही, स्मरण आहे. ट्रेंटच्या परिषदेने १५६२ मध्ये यास उत्तर दिले की यज्ञ एकच, अर्पणाची रीत तेवढी निराळी. या वादात ‘हापाक्स’ ही घटनेची बाजू आणि ‘होसाकिस’ ही स्मरणाची बाजू झाली. दोन्ही शब्द एकमेकांना पूरक आहेत, हे झ्विंग्लीने अचूक ओळखले. परंतु १५२५ पासून झुरिकमध्ये प्रभुभोजन वर्षातून चारच वेळा ठेवण्यात आले. स्मरणाची बाजू मोकळी सोडली की ती आखडत जाते, याचा हा पहिला पुरावा.

कॅल्विनचा प्रयत्न अधिक कष्टाचा होता. ‘इन्स्टिट्यूट्स’ या ग्रंथात (४.१७.४३ ते ४६) त्याने प्रभुभोजन आठवड्यातून निदान एकदा व्हावे असा आग्रह धरला आणि वर्षातून एकदाची चाल ही सैतानाची युक्ती ठरविली. १५३७ मध्ये जिनीव्हाच्या नगरसभेपुढे ठेवलेल्या कलमांत दर रविवारचा आदर्श सांगून, लोकांच्या दुर्बलतेस्तव, निदान महिन्यातून एकदा तरी ते व्हावे अशी तडजोड सुचविली होती. नगरसभेने तीही मानली नाही. १५४१ च्या धर्मव्यवस्थेत वर्षातून चार वेळा असे ठरले : नाताळ, पुनरुत्थानाचा सण, पेंटेकॉस्ट आणि सप्टेंबरचा पहिला रविवार. कॅल्विनने ही प्रथा सदोष असल्याची नोंद पुढील पिढ्यांना सुधारणा सोपी जावी म्हणून करून ठेवली. त्याच्या अनुयायांनी बहुतेक ठिकाणी ही नोंद बाजूला ठेवून चाराचा आकडा मात्र निष्ठेने जपला. १५६० च्या स्कॉटलंडमधील पहिल्या शिस्तग्रंथातही चारच आहेत, आणि तेही सणांचा संशय नको म्हणून मार्च, जून, सप्टेंबर व डिसेंबर या महिन्यांच्या पहिल्या रविवारी. इंग्लंडच्या १५५२ च्या प्रार्थनापुस्तकाने तीन मागितले. १६४५ च्या वेस्टमिन्स्टरच्या उपासना-निर्देशिकेने वारंवार करावे असे म्हणून, किती वेळा हे स्थानिक अधिकाऱ्यांवर सोपविले. ‘होसाकिस’शी त्यातल्या त्यात प्रामाणिक असे हे वाक्य, पण व्यवहारात निष्फळ.

पुढील वादांत शब्दापेक्षा अंतःकरणाच्या पात्रतेची चर्चा अधिक झाली. आंत्वान आर्नो याच्या १६४३ च्या ग्रंथाचे नाव वारंवारच्या प्रभुभोजनाविषयी आहे, आणि त्याचा परिणाम लोकांना त्यापासून दूर ठेवण्यात झाला. जॉन वेस्लीने तरुणपणी लिहिलेले आणि १७८७ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रवचन याच्या उलट टोकाचे : त्याला ‘वारंवार’ हा शब्दच मान्य नाही, कारण कर्तव्य असेल तर ते ‘नित्य’ असले पाहिजे. रोमन चर्चमध्ये २० डिसेंबर १९०५ च्या आदेशाने पोप दहावे पायस यांनी शुद्ध स्थितीत व योग्य हेतूने येणाऱ्या प्रत्येकाला रोज प्रभुभोजनाचे द्वार उघडले. दुसऱ्या बाजूस यहोवाचे साक्षीदार हा पंथ निसान महिन्याच्या चौदाव्या तिथीस, वर्षातून एकदाच हे स्मरण करतो. लूथरने नाकारलेली तिथी अशा रीतीने परत आली. आणि शब्दाच्या दृष्टीने पाहता तीही निषिद्ध ठरत नाही.

उपासनेच्या पाठांत या शब्दाचे काय झाले, हा स्वतंत्र आणि काहीसा दुर्लक्षित विषय आहे. पूर्वेकडील बाझिलच्या नावाने चालणाऱ्या उपासनेत करिंथकरांस पत्रातील सव्विसावे वचनच ख्रिस्ताच्या तोंडी घातले असून ‘होसाकिस’ तेथे टिकून आहे. क्रिसोस्टोमच्या नावाने चालणाऱ्या, अधिक प्रचारात असलेल्या उपासनेत मात्र तो नाही. रोमच्या प्राचीन पाठात ‘क्वोतिएस्कुंक्वे’ प्याल्याच्या वचनानंतर येई, पण ‘प्याल’ या क्रियापदाच्या जागी ‘कराल’ आले होते, म्हणजे शब्दाची कक्षा पिण्यापासून संपूर्ण विधीपर्यंत वाढली होती. पोप सहावे पॉल यांनी १९६९ मध्ये संमत केलेल्या मिस्सा-पाठात हे वाक्य बदलून लूकच्या धर्तीवर नुसती स्मरणाची आज्ञा ठेवण्यात आली, आणि धर्मगुरूच्या मुखातून ‘जितक्यांदा’ नाहीसा झाला. मात्र त्यानंतर लगेच भाविकांनी म्हणावयाच्या ज्या तीन घोषणा त्या पाठात दिल्या आहेत, त्यांपैकी एकीचा पहिलाच शब्द ‘क्वोतिएस्कुंक्वे’ आहे; पौलाचे ‘तुम्ही’ तेथे ‘आम्ही’ झाले आहे, आणि तिन्हींपैकी कोणती म्हणावी हे त्या त्या मंडळीवर सोडले आहे.